सण एका दिवसाचा, गोडी रोजच्या उन्हाची

आधार : अनुवाद ६ : ४–९; निर्गम १२ : २४–२७; १ शमुवेल २ : १८, १९.



वसईचीं सुकेळीं आपणांपैकीं कित्येकांनीं खाल्लीं असतील. कार्तिकांत निर्मळची जत्रा भरते तेव्हां तीं विकावयास येतात, आणि हिंदु काय व ख्रिस्ती काय, सर्व लोक तीं आपल्या लेंकरांसाठीं घरीं नेतात. आम्ही ह्या वसई-विरारच्या बाजूस राहावयास आलों, तेव्हां एका वृद्ध वाडीवाल्यानें सुकेळें कसें करतात तें आम्हांस समजाविलें. राजेळी केळीं चांगलीं पिकूं द्यावयाचीं, सोलावयाचीं आणि उन्हांत मांडावयाचीं. सायंकाळीं दंव पडण्यापूर्वीं आंत घ्यावयाचीं व सकाळीं पुन्हां बाहेर काढावयाचीं. असें कित्येक दिवस चालतें. साखरेचा कणही त्यांत घालीत नाहींत. तरी शेवटीं केळें आटून मधाच्या रंगाचें होतें, व केळीच्या सुक्या पानांत बांधलें म्हणजे पुष्कळ दिवस टिकतें. आम्हीं सहज विचारिलें, "आजोबा, चुलीवर तें एका दिवसांत सुकणार नाहीं काय?" ते हंसले व म्हणाले, "सुकेल कीं! पण तें सुकेळें नव्हे."

हें उत्तर आमच्या मनांत राहिलें. लेंकरांच्या सणाविषयीं आपला विचार बहुधा चुलीवरच्या केळ्याचा असतो. वर्षभर त्यांच्याकडे पाहावयास आपणांस फुरसत नसते. आणि नाताळ जवळ आला म्हणजे एका दिवसांत सारी गोडी आणूं पाहतों. नवे कपडे, दुकानांतला केक, विजेच्या दिव्यांच्या माळा, आणि पुष्कळ घरीं त्यासाठीं काढलेलें कर्ज! ऋण काढून सण करूं नये हें आपल्या वाडवडिलांस ठाऊक होतें. परंतु आज आम्हांस कर्जाविषयीं बोलावयाचें नाहीं. लेंकरांच्या मनांत जो सण राहतो तो कशानें राहतो, एवढेंच देवाच्या वचनाच्या प्रकाशांत पाहावयाचें आहे.

१. रोजच्या चार वेळा.

देवाचीं वचनें मुलांस नित्य शिकवावीं असें अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत मोशे इस्राएल लोकांस सांगतो, आणि त्याबरोबर त्याच्या वेळाही नेमून देतो. घरांत बसण्याची वेळ, वाट चालण्याची वेळ, निजण्याची वेळ व उठण्याची वेळ. ह्यांत सणाचा दिवस नाहीं, आणि मंदिराचें नांवही नाहीं. ह्या चार वेळा राजाच्या घरीं आहेत, तशा मजुराच्याही घरीं आहेत. आणि त्यांस पैसा लागत नाहीं.

कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, आमच्या घरीं ह्या चार वेळा उरल्याच कोठें?" ही तक्रार खोटी नाहीं. विरारहून मुंबईकडे पहिली गाडी १८६७ सालीं सुरू झाली; आज त्याच मार्गानें विरार, नालासोपारा, वसई व नायगांव येथील लाखो माणसें पोटासाठीं रोज जातात. बाप अंधारांत निघतो तेव्हां मूल निजलेलें असतें, आणि परततो तेव्हांही निजलेलेंच असतें. वाडीवाल्यास फुलें व भाजी घेऊन पहांटेच बाजार गांठावयाचा असतो. अर्नाळ्याचा कोळी तर भरती-ओहोटीचा ताबेदार. आणि नगर-बीडकडील आमचे जे वाचक ऊंसतोडीस जातात, त्यांचें घर महिनेच्या महिने परक्या फडावर असतें.

तरी आमच्या मंडळींतील एका बंधूची गोष्ट ऐका. हा मनुष्य रोज पहांटेच्या गाडीनें जातो. निघण्यापूर्वीं तो निजलेल्या मुलीच्या कपाळावर हात ठेवून दोन शब्द प्रार्थना करतो. रविवारीं उपासनेस येतांना तो रिक्षा करीत नाहीं. मुलीचा हात धरून अर्धा तास पायीं येतो. वाटेंत ती त्याला बगळ्यांविषयीं विचारते, मिठागरांविषयीं विचारते, आणि मेलेली आजी आतां कोठें आहे हेंही विचारते. एके दिवशीं रविवारच्या शाळेंत बाईंनीं मुलांस विचारिलें, "रविवार म्हणजे काय?" तेव्हां ती चिमुरडी म्हणाली, "रविवार म्हणजे बाबांचा रस्ता." बंधूंनो, शब्बाथाचा असा अर्थ आम्हीं कोणत्याही टीकाग्रंथांत वाचला नव्हता! त्या बापाजवळ चार वेळांपैकीं एकच वेळ उरली होती, परंतु ती त्यानें सोडली नाहीं.

निजण्याच्या वेळेविषयीं एक शब्द बोलणें अवश्य आहे. मूल रडूं नये म्हणून आपण त्याच्या हातीं मोबाईल देतों, आणि मग तें आपलें ऐकत नाहीं म्हणून त्यालाच दोष देतों. त्याला गप्प करावयास आपणच शिकविलें. तें गप्प झालें. त्याऐवजीं दिवा मालविण्यापूर्वीं एक गोष्ट सांगा. ती ग्रंथी भाषेंत नको. दाविदाचीं मेंढरें व रूथचें सरवा वेंचणें हें आईनें आपल्या घरच्या बोलीनें सांगावें, मग ती येथील कादोडी असो, कोळ्यांची बोली असो, कीं घांटावरची असो. ज्या बोलींत मूल स्वप्न पाहतें त्या बोलींत त्यानें प्रभूचें नांव ऐकावें.

२. मुलाचा प्रश्न.

आतां सणांकडे वळूं. निर्गमाच्या बाराव्या अध्यायांत वल्हांडण सण नेमून देतांना देवानें एक विलक्षण गोष्ट केली. तो सण त्यानें घरांत ठेविला. कोंकरूं घरच्या माणसांनीं खावयाचें, बेखमीर भाकर घरीं भाजावयाची, कडू भाजी घरच्या ताटांत. आणि त्यानें आधींच सांगून ठेविलें कीं, ह्या चालीचा अर्थ काय असें मुलें तुम्हांस विचारतील, तेव्हां तुम्हीं त्यांस मिसर देशांतून झालेल्या सुटकेची कथा सांगावी. प्रश्न लेंकरानें करावयाचा, आणि उत्तर याजकानें नव्हे, तर आईबापांनीं द्यावयाचें. सण म्हणजे मुलास प्रश्न विचारावयास लावणारी घरची शाळा होय.

आमचा सण मुलास कोणता प्रश्न विचारावयास लावतो? दुकानांतून आणलेल्या वस्तूविषयीं मूल एकच प्रश्न विचारतें : "केवढ्याला आणली?" परंतु जी वस्तु घरीं होते, आणि जिच्यांत त्याचा स्वतःचा हात असतो, तिच्याविषयीं तें विचारतें : "हें कां करावयाचें?"

ह्या बाबतींत आमच्या शेजारच्या कॅथोलिक बंधूंपासून आपण कांहीं शिकावें. उपासनेच्या रीतींत त्यांचे व आपले भेद आहेत, ते आम्ही लपवीत नाहीं. परंतु जुन्या वसईच्या घरांतून नाताळापूर्वीं सारें घर कुलकुल्यांभोंवतीं बसतें तें दृश्य आम्हीं पाहिलें आहे. आजी पीठ मळते; आई, मावशी, मुलें सर्व जण पिठाच्या लहान लहान गोळ्या कंगव्यावर किंवा कांट्याच्या पाठीवर दाबून वळतात. चार वर्षांच्या मुलाचा कुलकुला वांकडा होतो, तरी तोही त्याच कढईंत तळला जातो, व तें मूल तो शेजाऱ्यांस देतांना मोठ्यानें सांगतें कीं हा माझा आहे. अंगणांत मोठीं मुलें गवत, माती व कामट्या आणून गव्हाणीचा देखावा रचतात. त्या वेळीं धाकटें पोर विचारणारच, "देवाच्या मुलाला गोठ्यांत कां ठेविलें?" तो क्षण सोन्याचा आहे. त्या वेळीं जो बाप "मग सांगेन" म्हणतो, तो आपला नाताळ हातचा घालवितो.

आज येथेंही तयार कुलकुल्यांच्या पिशव्या विकत मिळतात. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर जिल्हा झाला. जेथें भातशेतें व वाड्या होत्या तेथें पुष्कळ ठिकाणीं इमारती उभ्या राहिल्या. ह्या प्रांतांतील जुन्या ख्रिस्ती लोकांत नवें भात देवापुढें आणण्याचा 'आगेरा' नांवाचा सण आहे, आणि आपल्या खेड्यांतील मंडळ्यांतून कापणीचा सण होतो. परंतु चौथ्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलानें भाताची लोंबी पाहिली नसेल, तर तो सण त्यास काय समजणार? त्यास ऑक्टोबरांत एकदां शेताच्या बांधावर न्या. लोंबी त्याच्या हातांत द्या, दाणा नखानें सोलूं द्या. ती लोंबी त्यानें स्वतः मंदिरांत आणावी. मग "रोजची भाकर" हे शब्द प्रार्थनेंत येतील तेव्हां त्याच्या बोटांसही त्यांचा अर्थ ठाऊक असेल.

३. हन्नेचा लहान झगा.

हें लिहितांना आमचा स्वतःचा अपराध आम्हांस लपवितां येत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही खेड्यांतील सेवेंत होतों. नाताळाच्या दिवशीं तीन गांवांत उपासना होत्या. आमच्या सहा वर्षांच्या मुलानें आईच्या मदतीनें बांबूच्या कामट्यांचा व पतंगी कागदाचा एक तारा केला होता. सकाळीं आम्ही निघालों तेव्हां तो म्हणाला, "बाबा, तारा दारावर तुम्ही टांगायचा." "संध्याकाळीं टांगूं," असें सांगून आम्ही गेलों. तिसऱ्या गांवीं कार्यक्रम लांबला, मंडळीनें जेवावयास आग्रह केला, आणि घरीं येईपर्यंत मध्यरात्र झाली. मूल नव्या सदऱ्यासकट उंबऱ्याजवळ निजलें होतें, व तारा त्याच्या कुशीखालीं चुरगळला होता. सकाळीं आम्ही म्हणालों, "चल, आतां टांगूं." तो म्हणाला, "नको. नाताळ काल होता."

आदल्या दिवशीं तीन गांवांत आम्हीं लेंकरांस जवळ घेणाऱ्या प्रभूविषयीं उपदेश केला होता!

मार्काच्या दहाव्या अध्यायांत मुलांना मागें लोटणारे शिष्य वाईट माणसें नव्हते. ते प्रभूच्याच कामांत होते, आणि प्रभूचें काम थांबूं नये म्हणून त्यांनीं मुलांस आणणाऱ्यांस दटाविलें. तरी प्रभु रागावला तो त्यांच्यावर. उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट आपण प्रथम आपणांसच लावून घ्यावी. ज्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भजनांनीं आपल्या मंडळ्या गावयास शिकल्या, त्यांसच सारा महाराष्ट्र फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखतो. प्रभूची सेवा व लेंकरांची प्रीति ह्या दोहोंत वैर नाहीं. वैर आपण आपल्या घाईनें उत्पन्न करतों.

आणि ज्यांस वेळ खरोखर मिळत नाहीं, त्यांनीं हन्नेकडे पाहावें. तिचा लहान शमुवेल शिलो येथें परमेश्वराच्या सेवेंत होता. ती नवऱ्याबरोबर वार्षिक यज्ञास जाई, तेव्हां दर वर्षीं त्याच्यासाठीं एक लहान झगा नेत असे. विचार करा, त्या आईला माप कोठून मिळत असेल? मूल तर दूर! एका वर्षांत तें किती वाढलें असेल, बाहु केवढे झाले असतील, हें तिला मनांतच मोजावें लागत असेल. जिला वर्षाचा एकच दिवस मिळे, तिनें तो दिवस वर्षभर शिवला. म्हणून तो झगा शमुवेलास केवळ वस्त्र राहिला नसेल. आपली आई आपणांस विसरली नाहीं, हें त्यास तो अंगावर घेतांच कळत असेल.

तर प्रियहो, आपण काय करावें? फार मोठें कांहीं नको. चार वेळांपैकीं एक वेळ निवडा व ती मुलास द्या. ती मोडूं नका. प्रत्येक सणास घरीं एक वस्तु अशी करा कीं जिच्यांत सर्वांत धाकट्याचा हात असेल, मग ती वांकडी झाली तरी चालेल. मुलाचा वाढदिवस किंवा बाप्तिस्म्याचा दिवस आला म्हणजे पैसा नसला तरी तें जन्मलें त्या दिवसाची हकीकत त्यास सांगा; ही गोष्ट ऐकून कोणतेंही मूल कंटाळत नाहीं. आणि उपदेशकांनो, नाताळाच्या दिवशीं मंडळीस नम्रपणें सांगा कीं, आज दिवेलागणीस आम्ही घरीं असूं. मंडळी तुम्हांस दोष देणार नाहीं. ती तुमचें पाहून शिकेल.

आमचा तो मुलगा आतां मोठा झाला आहे व दूर राहतो. त्या नाताळानंतर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं आम्ही दोघे मिळून तारा करूं लागलों, आणि देवाच्या दयेनें तें व्रत आम्हीं कधीं मोडलें नाहीं. मागील वर्षीं त्यानें आम्हांस एक छायाचित्र पाठविलें. त्याची लहान मुलगी एका वांकड्या ताऱ्याला खळ लावीत आहे. खालीं त्यानें एवढेंच लिहिलें होतें : "बाबा, ही विचारते, तारा कां करायचा?"

प्रभु आपणां प्रत्येकास त्या प्रश्नाचें उत्तर देण्यास वेळ देवो, आणि वेळ दिला असतां तो घालवूं न देवो. आमेन.