आकाशातून अग्नी मागणारे शिष्य

शास्त्रपाठ : लूक ९ : ५१–५६



आपला प्रभू यरुशलेमेकडे जावयास निघाला असता वाटेवरच्या एका शोमरोनी गावाने त्यास उतरावयास जागा दिली नाही. कारण एवढेच की, त्याचे तोंड यरुशलेमेकडे होते. आणि उपासना कोणत्या डोंगरावर करावी ह्याविषयी यहूदी व शोमरोनी ह्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा तंटा होता. याकोब व योहान संतापले. आकाशातून अग्नी पडून हे गाव भस्म व्हावे अशी आज्ञा आम्ही करावी काय, असे त्यांनी प्रभूस विचारले. आपण काही वाईट मागत आहो असे त्यांस मुळीच वाटले नव्हते. एलीयाने पूर्वी असेच केले होते, हे त्यांस ठाऊक होते. प्रभूने वळून त्यांस दटाविले, आणि ते सर्व दुसऱ्या गावास गेले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. मूळ तंट्यात शोमरोन्यांचे म्हणणे खरे होते, असे प्रभूने म्हटले नाही. त्याच तंट्याविषयी याकोबाच्या विहिरीवरील स्त्रीशी बोलताना त्याने आपले मत स्पष्ट सांगितले होते. मत त्याने सोडले नाही. अग्नी मात्र नाकारला. ह्या दोहोंतील भेद ज्या मंडळीस कळत नाही तिचे काय होते, ह्याविषयी आज आम्ही लिहीत आहो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात २००८ साली मोठा वाद झाला. पुरुषाचा पुरुषाशी किंवा स्त्रीचा स्त्रीशी विवाह सरकारने मान्य करावा की नाही, असा तो प्रश्न होता. मे महिन्यात प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने असे विवाह मान्य केले व सुमारे १८,००० जोडप्यांचे विवाह नोंदले गेले. ते पुढे बंद करावे असा प्रस्ताव लोकांच्या मतास टाकण्यात आला. त्यास आठव्या क्रमांकाचा प्रस्ताव म्हणत. मॉर्मन पंथाच्या प्रमुखांनी जून महिन्यात तेथील आपल्या सर्व मंडळ्यांतून पत्र वाचवून घेतले, आणि सभासदांनी ह्या कामी वेळ व पैसा द्यावा असे सांगितले. (त्या पंथाच्या व आमच्या शिकवणीत मोठे अंतर आहे, पण तो आजचा विषय नव्हे.) रोमन कॅथोलिक व अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्याही त्याच बाजूने उतरल्या; काही मंडळ्या उलट बाजूसही होत्या. ४ नोव्हेंबर रोजी शेकडा ५२ मतांनी प्रस्ताव मंजूर झाला.

आता अग्नी कोणी कोणी मागितला ते ऐका. मतदानानंतर लॉस एंजेलिस व सॉल्ट लेक येथील मॉर्मन मंदिरांस टपालाने पांढरी पूड आली. तपासात ती निरुपद्रवी ठरली; परंतु पाकीट उघडणाऱ्याच्या छातीत काय झाले असेल ते मोजण्याचे माप नाही. शंभर किंवा अधिक डॉलर देणाऱ्यांची नावे तेथील कायद्याप्रमाणे प्रसिद्ध होत. कोणी त्या नावांवरून नकाशा तयार केला व देणगीदाराचे घर कोठे आहे ते जगास दाखविले. सॅक्रामेंटो येथील एका नाट्यसंस्थेच्या संचालकाने १,००० डॉलर दिले होते. त्यास जागा सोडावी लागली. हे सर्व सांगून आमचे कित्येक उपदेशक थांबतात, आणि पाहा, धार्मिकांचा छळ कसा होतो, असे म्हणतात.

परंतु ह्याच्याही आधी, ऑक्टोबर महिन्यात, विवाहाचे रक्षण करितो असे म्हणविणाऱ्या पक्षाच्या पुढाऱ्यांनी काही व्यापाऱ्यांस पत्रे धाडली होती. त्या व्यापाऱ्यांनी विरुद्ध पक्षास देणग्या दिल्या होत्या. तेवढीच रक्कम आम्हांसही द्या, न द्याल तर तुमची नावे प्रसिद्ध करू, असा त्या पत्रांचा मजकूर होता. नाव प्रसिद्ध होणे ही काही आपोआप धमकी नव्हे. जो देणगी देतो त्याने ती उघडपणे कबूल करण्याचे धैर्य बाळगावे, ह्यात गैर नाही. परंतु ‘इतके दे, नाही तर’ असे म्हटले की तेच नाव दगड होते. पांढऱ्या पुडीचा धिक्कार करणाऱ्या व्यासपीठांपैकी कितींनी ह्या पत्रांचा धिक्कार केला?

प्रियहो, एवढ्या दूरच्या तंट्याशी आमच्या खेड्यांतील मंडळ्यांचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. आम्हीही तसेच म्हणत होतो. मग २०२३ साली आमच्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. एप्रिल व मे महिन्यांत त्याची सुनावणी झाली. १७ ऑक्टोबर रोजी निकाल लागला, आणि असे विवाह मान्य करणे हे न्यायालयाचे नसून विधिमंडळाचे काम आहे असे ठरले. त्या उन्हाळ्यात आमच्या हाती एक छापील अर्ज आला. असे विवाह मान्य होऊ नयेत अशी त्यात विनंती होती. आम्ही तो उपासनेच्या वेळी अर्पण गोळा झाल्यावर वाचला, आणि प्रत्येक घराची सही यावी असे म्हटले. मंडळीच्या दोघा वडिलांनी ते काम अंगावर घेतले.

आमच्या मंडळीत एक विधवा आहे. तिचा मुलगा शहरात नोकरीस असून एका पुरुषासह एकत्र राहतो. हे सर्वांस माहीत होते व कोणी बोलत नव्हते. ते दोघे तिच्या ओट्यावर गेले तेव्हा तिने अंगठा देण्यास नकार दिला. माझ्या लेकराविरुद्ध मी कागद करणार नाही, असे ती म्हणाली. त्यावर तिला उत्तर मिळाले की, मग तुझ्या मयतीला खांदा देण्यास कोण येते ते बघ. तिने अंगठा दिला. आम्ही मात्र ‘मंडळीतील सर्व घरे’ असे मोठ्या अभिमानाने लिहून अर्ज पाठवून दिला.

पुढल्या प्रभुभोजनास ती मागच्या बाकावर बसून राहिली. भाकर तिने घेतली नाही. आम्हांस वाटले, प्रकृती बरी नसेल. खरे काय ते पावसाळ्यात कळले, तेही दुसऱ्याच्या तोंडून. तेव्हा आम्ही तिच्या घरी गेलो व क्षमा मागितली. तिने चहा ठेवला आणि एवढेच विचारले, “साहेब, त्यो कागद माघारी घेता येईल का?” आम्हांपाशी उत्तर नव्हते.

ज्या दोघांनी तिला ते शब्द ऐकविले त्यांचे आजे ख्रिस्ती झाले तेव्हा गावाने त्यांस वाळीत टाकले होते. विहीर बंद, दुकान बंद, आणि मेलेल्यास माती देण्यास कोणी येईना. ती हकिकत हेच दोघे वडील नाताळात मुलांस सांगतात व सांगताना त्यांचे डोळे भरतात. आता वाळीत टाकणे हा आमच्या राज्यात गुन्हा आहे. २०१६ साली त्यासाठी कायदाच झाला. ओट्यावर उच्चारलेले ते वाक्य त्या कायद्याच्या किती जवळ जाते, ह्याचा त्यांनी विचार केला नव्हता. आणि त्यांच्या हाती अर्ज देणाऱ्या आम्हीही केला नव्हता. दोष प्रथम आमचा आहे. व्यासपीठावरून ‘प्रत्येक घर’ असे म्हटले की ओट्यावर त्याची धमकी होते.

विवाहाविषयी आमच्या मंडळीची शिकवण काय आहे ते तुम्हांस ठाऊक आहे, आणि ती उघडपणे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे. नागरिक ह्या नात्याने कोणी अर्ज करावा, कोणी मत द्यावे. परंतु उपदेशक बंधूंनो, पुन्हा असा कागद आला, तो कोणत्याही पक्षाचा असो, तर तो उपासनेत वाचू नका. घरोघर नेऊ नका. सह्या मोजू नका, व कोणाची सही नाही हे तर मुळीच पाहू नका. ज्यास सही करावयाची आहे तो आपण होऊन येईल. आणि गावातील दुसरे कोणी त्या विधवेच्या मुलास मारावयास उठले, तर त्याच्या दारात प्रथम आपण उभे राहावयाचे आहे.

मॉर्मन लोकांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कॅलिफोर्नियात ते विवाह २०१३ साली पुन्हा सुरू झाले, २०१५ च्या जून महिन्यात सर्व अमेरिकेत मान्य झाले, आणि २०२४ साली आठव्या प्रस्तावाचे शब्दही मतदारांनी प्रांताच्या घटनेतून काढून टाकले. परंतु त्याआधीच, २०१५ च्या मार्च महिन्यात, यूटा प्रांतात एक कायदा झाला. अशा मनुष्यास केवळ त्या कारणाने घरातून अथवा नोकरीवरून काढू नये असे त्यात ठरले, व धर्मसंस्थांस त्यांच्या नियमांप्रमाणे चालण्याची मुभा राहिली. त्यास मॉर्मन पंथाने उघड पाठिंबा दिला. विवाहाविषयीची आपली शिकवण त्यांनी तेव्हा बदलली नव्हती. पूर्वीच्या प्रतिपक्षाबरोबर एका मेजाशी बसून त्यांनी ते काम केले. आमच्यांतील कित्येकांस हे रुचणार नाही. आम्हांस ते योहानाच्या पुढील चरित्रासारखे वाटते.

कारण योहान पुन्हा शोमरोनात गेला. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात ते लिहिले आहे. पेत्राबरोबर जाऊन त्याने त्या लोकांवर हात ठेवले, आणि ज्यांच्यावर अग्नी पडावा असे त्यास एकदा वाटले होते त्यांना पवित्र आत्मा मिळावा म्हणून प्रार्थना केली. परत येताना त्या दोघांनी शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांत सुवार्ता सांगितली. त्यांत ते पहिले गाव होते की नाही, हे लूकाने लिहिले नाही.

त्या दोघा वडिलांस घेऊन आम्ही पुन्हा त्या बाईच्या घरी गेलो. त्यांपैकी एक बोलला, दुसरा खाली मान घालून बसला. ही हकिकत मंडळीपुढे सांगावी व ह्या पत्रात लिहावी काय, असे आम्ही तिला विचारले. सांगा, ती म्हणाली. फक्त माझ्या पोराचं नाव कुठं घेऊ नका.