मुंगी चावल्याएवढे

लहान मुलाला इंजेक्शन द्यावयाचे असले म्हणजे आपल्याकडे एका मुंगीला बोलावण्याचा प्रघात आहे. ‘काही नाही रे, मुंगी चावल्याएवढे दुखेल,’ असे आजी म्हणते, आई म्हणते, कंपाउंडर म्हणतो. आम्हीही म्हटले. आमच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांचे रक्त तपासावयास घेतले, त्या वेळी शीर सापडेना म्हणून सुई दोनदा टोचावी लागली. घरी परतताना रिक्षात तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘बाबा, ती मुंगी नव्हती.’ त्याच्या स्वरात राग नव्हता. हिशेबातील चूक दाखवून द्यावी तसा तो बोलला. फाइलवरील आमच्या टिपणातील चूक वरिष्ठांनी अनेकदा दाखविली आहे. परंतु इतके ओशाळवाणे आम्हास कधी वाटले नव्हते.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. मुलाच्या हितासाठी मुलाशी खोटे बोलावे काय? आणि बोलू नये असे ठरविले, तर त्याच्या भयाचे काय करावे?

प्रश्न लवकरच पुन्हा दारात उभा राहिला. नोकरीनिमित्त आमचा मुक्काम सध्या चेन्नईस आहे. मुलाला वारंवार ताप येई आणि प्रत्येक वेळी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघे. डॉक्टरांना शंका आली, की मूत्राशयातील मूत्र उलट दिशेने मूत्रपिंडाकडे चढत असावे. काही मुलांत ही उणीव जन्मतःच असते. ती सौम्य असल्यास वयाबरोबर बहुधा आपोआप भरून निघते, परंतु तीव्र असल्यास पुनःपुन्हा होणाऱ्या संसर्गाने मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात. तिची प्रत ठरविण्यासाठी एक क्ष-किरण तपासणी करतात. बारीक नळीने मूत्राशयात क्ष-किरणांत दिसणारे औषध भरावयाचे आणि मूल लघवी करीत असतानाच छायाचित्रे घ्यावयाची. मुलाने ती क्रिया स्वतः करावयाची असल्यामुळे त्याला गाढ झोपविता येत नाही. नळी घालताना बधिर करणारे मलम लावतात. तरी ते बरेच झोंबते. म्हणजे येथे मुंगीचे काम नव्हते.

मुलाच्या आईचे म्हणणे असे पडले, ‘अहो, आधीपासून सांगून त्याला कशाला धास्ती घालायची? दुखणार ते एकदाच दुखू दे.’ हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. दुःखाची चाहूल हेही एक दुःखच आहे, आणि पाच वर्षांच्या बालकास ते विनाकारण भोगावयास लावणे ही क्रूरता होय. खोटेपणाच्या बाजूने जे जे बोलता येते, त्यांतील हा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद आहे.

आमच्या परंपरेनेही सत्याला सरसकट सिंहासनावर बसविलेले नाही. मनुस्मृती सत्य बोलण्यास सांगते, पण अप्रिय सत्य बोलू नये असे बजावते. लगेच प्रिय असत्यही बोलू नये असे सांगून आपली वाट दोन्हीकडून बंद करते. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या सत्यव्रती ब्राह्मणाची कथा सांगतात. दरोडेखोरांनी विचारताच त्याने पळालेल्या निरपराध लोकांची वाट दाखविली, ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकास गेला. उलटपक्षी, जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात, घरात लपलेल्या मित्राचा पाठलाग करणाऱ्या मारेकऱ्याशीदेखील खोटे बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे प्रतिपादन केले. कौशिकाला कांटने निर्दोष ठरविले असते!

आमचा कौल अर्थातच श्रीकृष्णाकडे आहे. पण कथा नीट पाहिली तर तिचा आधार आम्हास मिळत नाही, असे ध्यानात येते. कौशिकाने असत्य बोलावयाचे होते ते दरोडेखोराशी, आणि दुबळ्याच्या रक्षणासाठी. आमच्या मुंगीच्या कथेत ज्याच्याशी असत्य बोलले जाते तोच दुबळा आहे. आणि रक्षण कोणाचे होते? सुई तर टोचलीच जाते. वाचतात ती आमची दहा मिनिटे. आमच्यापुढे होणारा आक्रोश, आमची चार माणसांतील अवघड स्थिती. दयेच्या नावाखाली आम्ही जी सवलत दिली, ती स्वतःलाच दिली होती. द्रोणपर्वात अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य उच्चारताच धर्मराजाचा चार अंगुळे अधांतरी चालणारा रथ भूमीला टेकला, असे व्यास सांगतात. प्रत्येक बापाचाही असा एक रथ त्याच्या मुलाच्या डोळ्यांत चालत असतो.

दुसरा प्रश्न याहून बिकट आहे. सांगावयाचे, तर विचारावयाचेही काय? राष्ट्रसंघाने १९८९ मध्ये बालहक्कांचा करार स्वीकारला आणि भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. आपल्यासंबंधीच्या बाबतीत मत मांडण्याचा मुलाचा हक्क त्याच्या बाराव्या कलमात आहे. पण ‘येशील ना?’ असे विचारल्यावर तो ‘नाही’ म्हणाला, तर आम्ही त्याला उचलून नेणारच होतो. ज्या प्रश्नाचे एकच उत्तर आपण मान्य करणार, तो प्रश्न विचारणे हे पुन्हा असत्यच. बदलीचा हुकूम आलेल्या आम्हा नोकरांना हे निराळे सांगावयास नको. हुकूम आपली इच्छा विचारीत नाही. परंतु कोठे जावयाचे आणि केव्हा रुजू व्हावयाचे, हे तरी तो स्वच्छ सांगतो. शिवाय सामानात काय न्यावयाचे, हे आपल्या हाती राहते.

म्हणून आम्ही असे ठरविले, की आठवडाभर अगोदर काही बोलावयाचे नाही. आदल्या संध्याकाळी मात्र सर्व सांगावयाचे. नळीचे सांगितले, मोठ्या यंत्राचे सांगितले. ‘दुखेल. थोडा वेळच दुखेल, पण मुंगीपेक्षा जास्त. हे टाळता येणार नाही. मी तिथून हलणार नाही.’ तो रडला. मग जे खरोखर त्याच्या हाती होते, ते त्याला विचारले. बरोबर काय न्यावयाचे? हात कोणी धरावयाचा? अंक मोजावयाचे की गोष्ट सांगावयाची? त्याने कापडी हत्ती निवडला, हातासाठी आम्हास निवडले, आणि अंक तमिळमध्ये मोजावयाचे असे फर्मावले. कारण ते त्याला आमच्यापेक्षा चांगले येतात.

तपासणीच्या खोलीत आम्हास शिशाचा जड अंगरखा चढविण्यात आला. तंत्रज्ञ मोठा प्रेमळ गृहस्थ होता. गालाला हात लावून तो मुलाला म्हणाला, ‘वलिक्कादु, कण्णा.’ दुखणार नाही, राजा. मुलाने आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे त्याला उत्तर दिले, ‘कोंजम् वलिक्कुम्. अप्पा सोन्नार.’ थोडे दुखेल, बाबांनी सांगितले आहे.

यापुढे सर्व सुरळीत झाले असे लिहिण्याचा मोह होतो. पण तीही एक मुंगीच ठरेल. तो किंचाळला. नर्सने त्याचे पाय धरले, आम्ही खांदे धरले. सत्य सांगितल्याने वेदना तिळभरही कमी झाली नाही. पुढे, चार परक्या माणसांसमोर त्याला लघवी होईना. ज्या लज्जेचे शिक्षण आम्हीच त्याला दोन वर्षे दिले, तीच आता मोडावयास सांगत होतो. अखेर कोणीतरी नळ सोडला, सर्वांनी माना वळविल्या, आणि काम झाले. एक गोष्ट मात्र निराळी होती. या सर्व वेळात त्याने आमचा हात सोडला नाही. रक्त घेतले त्या दिवशी त्याने तो झिडकारला होता.

रुग्णालयातील मुलाजवळ आईबापांनी असावे, ही आज साधी वाटणारी गोष्ट जगालाही उशिराच उमगली. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकटीच राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. १९५९ मध्ये ब्रिटनमधील प्लॅट समितीने आईबापांना भेटीची मुक्त मुभा असावी अशी शिफारस केली. परंतु जवळ असणे म्हणजे केवळ देहाने उभे राहणे नव्हे, एवढे आम्ही त्या खोलीत शिकलो. मुलाला ज्याचा शब्द धरता येतो, तोच त्याच्याजवळ असतो.

अहवाल सौम्य दोषाचा आला. त्यामुळे आमचे तत्त्वज्ञान स्वस्तात पार पडले, हेही कबूल केले पाहिजे. अहवाल भयंकर आला असता तर त्या संध्याकाळी आम्ही किती बोललो असतो? याचे उत्तर आमच्यापाशी नाही. असे प्रसंग ज्यांच्यावर आले, त्यांच्या एखाद्या मुंगीला आम्ही नावे ठेवणार नाही.

त्या रात्री अंथरुणावर त्याने विचारले, ‘पुन्हा करायचं का?’ डॉक्टरांनी निश्चित असे काही सांगितलेले नव्हते. जिभेवर ‘नाही’ आले होते. आम्ही म्हणालो, ‘कदाचित.’

‘कदाचित म्हणजे हो की नाही?’

‘अजून मलाही माहीत नाही. कळलं की आधी तुला सांगीन.’

त्याने थोडा विचार केला. मग कापडी हत्तीला कुशीत घेऊन, कूस बदलून तो झोपी गेला.