इच्छेचे मूल्य : 'अंतहीन कथा' आणि रूपांतराची नीती

साहित्यकृतीवरून केलेल्या चित्रपटाविषयी बोलावयाचे म्हटले की समीक्षेची भाषा एकाएकी नीतिशास्त्राची होते. एरवी संहिता, घाट, कथनपातळी अशा तटस्थ संज्ञांनी बोलणारा समीक्षक येथे मात्र निष्ठा, प्रतारणा, विटंबना असे शब्द वापरू लागतो. जणू कादंबरी ही कुणाची कुलवधू आणि दिग्दर्शक हा परपुरुष. रॉबर्ट स्टॅम यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या शब्दसंग्रहावर नेमके बोट ठेवले आहे. शब्द आणि हलती प्रतिमा यांच्या मूळ स्वभावातच भेद असल्याने कादंबरीचा चित्रपट होताना ती वेगळीच कृती होणार, हे जॉर्ज ब्लूस्टोन यांनी तर १९५७ सालीच मांडले होते. हे सर्व मान्य करावयास हवे. प्रश्न उरतो तो असा : मूळ कृतीशी निष्ठा हा निकष बाजूला ठेवल्यानंतर रूपांतराविषयी काही नैतिक प्रश्न शिल्लक राहतो काय? माझ्या मते राहतो. मात्र तो 'किती बदलले' या मोजदादीत सापडत नाही. मिखाएल एंडे (१९२९–१९९५) या जर्मन लेखकाची 'अंतहीन कथा' (१९७९) ही मुलांची कादंबरी आणि वोल्फगांग पेटरसन यांनी १९८४ साली केलेला तिचा चित्रपट यांच्या आधारे तो शोधता येईल.

या चित्रपटाविषयीचा वाद प्रसिद्ध आहे. हक्क विकून बसलेला लेखक पडद्यावरील कथेचा शेवट मान्य नाही म्हणून जाहीरपणे चित्रपटाविरुद्ध उभा राहिला, न्यायालयात गेला आणि हरला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव येत नाही. त्याच्या संतापात लेखकाचा अहंकार नव्हताच असे कोण म्हणेल? तथापि लेखक दुखावला म्हणून कृती सदोष ठरत नाही, आणि लाखो मुलांना ती आवडली म्हणून निर्दोषही ठरत नाही. ज्यांनी हा चित्रपट लहानपणी पाहिला त्यांच्या मनात तो अजून घर करून आहे, हेही नमूद करावयास हवे.

कादंबरीचा गाभा थोडक्यात सांगतो. बास्तियान बाल्थाझार बुक्स हा आईविना वाढणारा, लठ्ठ, भित्रा, शाळेत सर्वांच्या टवाळीचा विषय झालेला मुलगा. तो कोरिआंडर नावाच्या विक्रेत्याच्या दुकानातून एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचू लागतो. पुस्तकातील फान्टाझिएन हे कल्पनासाम्राज्य 'शून्य' गिळत चालले आहे. त्याच्या बालसम्राज्ञीला एका मानवी मुलाने नवे नाव दिले तरच ते वाचेल. तिच्या वतीने आत्रेयू हा मुलगा शोधाला निघतो. कादंबरीच्या साधारण मध्यावर बास्तियान नाव उच्चारतो आणि पुस्तकात ओढला जातो. मूळ आवृत्तीत मानवी जग व फान्टाझिएन यांचे कथन तांबड्या आणि हिरव्या अशा दोन रंगांच्या शाईत छापलेले आहे. बास्तियान आत जाताच त्याला बाहेरून पाहण्याची रंगाची ती सोय वाचकालाही राहत नाही.

पुढचा अर्धा भाग हा कादंबरीचा खरा विचार. बास्तियानला आउरिन हे पदक मिळते. त्यावरील आज्ञेचा सरळ अर्थ मनाला येईल ते करण्याची मोकळीक असा आहे; परंतु ग्राओग्रामान हा सिंह त्याला सांगतो की आपली खरी इच्छा ओळखणे हाच तिचा अर्थ, आणि त्याहून अवघड काही नाही. बास्तियान सुंदर होतो, बलवान होतो, शूर होतो, कीर्तिमान होतो. प्रत्येक इच्छेसरशी मानवी जगाची एकेक आठवण पुसली जाते; आपण लठ्ठ होतो हे विसरणाऱ्याला आपण कधी अपमानित झालो होतो हेही आठवत नाही, आणि ज्याला अपमान आठवत नाही त्याला दुसऱ्याचा अपमान करताना काहीच वाटत नाही. अखेर तो स्वतःच सम्राट होऊ पाहतो आणि आडव्या आलेल्या आत्रेयूला तलवारीने जखमी करतो. सगळ्या आठवणी संपलेल्यांच्या नगरीत गोष्ट रचण्याची शक्ती गमावलेली माणसे अक्षरांचे फासे टाकत बसलेली तो पाहतो, तेव्हा त्याला आपले भवितव्य कळते.

मराठीत 'मूल्य' या एकाच शब्दाने किंमत आणि नैतिक मोल असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. एंडेच्या कादंबरीत हे दोन अर्थ वेगळे करताच येत नाहीत. इच्छेची किंमत मोजावी लागते म्हणूनच कोणती इच्छा करावी हा प्रश्न नैतिक होतो. फ्रॉइडने १९०८ सालच्या सर्जनशील लेखक आणि दिवास्वप्न यांविषयीच्या निबंधात दाखवले, की दिवास्वप्नाच्या केंद्रस्थानी एकच नायक असतो, तो म्हणजे स्वप्न पाहणाऱ्याचा अहं, आणि त्याला कसलीच इजा होत नाही. आपल्या समीक्षेने 'स्वप्नरंजन' हा शब्द बहुधा हेटाळणीपुरता वापरला. एंडेने मात्र त्याची आतून चिकित्सा केली. १९७०च्या दशकात पश्चिम जर्मनीत मुलांच्या पुस्तकांनीही समाजवास्तवाचेच बोलावे असा आग्रह होता आणि अद्भुतिकेवर पलायनाचा शिक्का बसे. हा आरोप एंडेच्याही वाट्याला आला होता. ही कादंबरी त्याला दिलेले उत्तर आहे, आणि ते उत्तर पलायनाचा धोका नाकारून दिलेले नाही.

आता चित्रपट पाहू. तो नाव उच्चारण्याच्या प्रसंगानंतर लवकरच संपतो. म्हणजे अर्धी कादंबरी वगळतो. यात गैर काही नाही. दीड तासात किती मावणार? काही ठिकाणी तर पेटरसन मूळ कृतीपेक्षा सरस ठरतात. दुःखाच्या दलदलीत आत्रेयूचा घोडा अर्टाक्स बुडतो, तो प्रसंग घ्यावा. कादंबरीतला घोडा बोलतो. आपली अवस्था शब्दांत सांगतो. चित्रपटातला घोडा मुका आहे. तो फक्त थांबतो, आणि लगाम ओढणारा मुलगा ओरडत राहतो. खिन्नतेला बोलता येत नाही हे या बदलाने जितके कळते तितके मूळ संवादाने कळत नाही. निष्ठेचा निकष लावणाऱ्यांनी या एका प्रसंगाचा विचार करावा.

पण हाच घोडा चित्रपटाच्या अखेरीस पुन्हा दौडताना दिसतो. बास्तियानच्या इच्छेने सारे फान्टाझिएन पूर्ववत होते, त्यात अर्टाक्सही परत येतो. येथे माझी शंका सुरू होते. इतर बदल या दृष्टीने तपासले तर त्यांत एक सूत्र दिसते. कादंबरीतला बास्तियान पुस्तक चोरतो. चित्रपटातला ते परत करण्याची चिठ्ठी ठेवून जातो. कादंबरीतला बास्तियान बेढब आहे. पडद्यावरचा मुलगा गोजिरा आहे, त्यामुळे सुंदर होण्याची इच्छा, जिच्यापासून सगळा घोटाळा सुरू होतो, ती त्याला होण्याचे कारणच उरत नाही. कादंबरीत तो नाव उच्चारायला कचरतो, कारण असा नायक पाहून सम्राज्ञीची निराशा होईल अशी त्याला लाज वाटते; या लाजेपायी कथा स्वतःभोवतीच फिरू लागते आणि 'अंतहीन' या शब्दाचा भीषण अर्थ उघड होतो. चित्रपटात ती लाज नाही, आणि जे नाव तो ओरडतो ते त्याच्या आईचे आहे. नवनिर्मितीच्या जागी स्मरण आले. कादंबरीत याच्या उलट क्रम आहे : निर्मितीच्या मोहात स्मरण जाते.

म्हणजे प्रत्येक ठिकाणी किंमत वजा केली आहे. चोरी उसनवारी झाली, कुरूपता गेली, लाज गेली, मृत्यू मागे फिरला. यांतील प्रत्येक बदलाचे व्यावसायिक कारण सांगता येईल. सगळ्यांची बेरीज मात्र एका वेगळ्याच नीतीकडे जाते.

ती नीती शेवटच्या दृश्यात उघडी पडते. बास्तियान शुभंकर ड्रॅगनवर बसून मानवी शहरावर येतो आणि त्याला छळणाऱ्या मुलांना पळवून लावतो. ती कचऱ्याच्या पेटीत उड्या टाकतात. प्रेक्षागृहातली मुले येथे हसतात, आणि त्यांच्या हसण्याला मी दोष देणार नाही. पण एंडेच्या कादंबरीत या कृतीला एक नाव आहे. ग्मोर्क हा लांडगा आत्रेयूला सांगतो, की फान्टाझिएनचे प्राणी 'शून्या'तून मानवी जगात जाऊन पडतात तेव्हा ते असत्य होतात : भ्रम, खोट्या आशा, माणसांना नको त्या वस्तू घ्यायला आणि अनोळखी लोकांचा द्वेष करायला लावणारी साधने. दोन जगांमध्ये खरी वाट एकच. माणसाने कल्पनेत जावे आणि बदलून परत यावे. कल्पनेतील प्राणी ओढून आपल्या भांडणात वापरणे ही नेमकी उलटी वाट. चित्रपटातही ग्मोर्क आहे. तो आशा गमावलेल्या माणसांवर सत्ता गाजवणे सोपे असते इतकेच सांगतो. असत्याविषयीचे त्याचे बोलणे गाळले आहे, आणि गाळणे भागच होते. ते ठेवले असते तर शेवटचे दृश्य चित्रपटाने स्वतःच खोटे ठरवले असते.

येथे एक आक्षेप संभवतो : चित्रपट ही स्वतंत्र कृती असेल तर तिने कादंबरीच्या नीतीशी का बांधून घ्यावे? उत्तर असे की त्याने बांधून घ्यावे असे मी म्हणत नाही. इच्छा निर्धोक असते असा पक्ष मांडणारी उत्तम कृती शक्य आहे. पण या चित्रपटाने स्वतःच एक प्रश्न विचारला आहे. आरंभी न्याहारीच्या टेबलावर बास्तियानचे वडील त्याला दिवास्वप्ने सोडून जमिनीवर पाय ठेवायला सांगतात. दोघांमध्ये मृत आईची रिकामी जागा आहे. हे वडील पुढे पडद्यावर येतच नाहीत. प्रश्न विचारून उत्तराच्या जागी ड्रॅगन उडवला आहे. कादंबरीत मात्र बास्तियान चित्रांच्या खाणीत, म्हणजे विसरलेल्या स्वप्नांच्या साठ्यात, आंधळेपणाने खणत बसतो. शेवटी त्याला बर्फात गोठलेल्या एका माणसाचे चित्र सापडते. तो कोण हे त्याला आठवत नाही, केवळ ओढ वाटते. (एंडेचे वडील एडगर हे अतिवास्तववादी चित्रकार, नाझी राजवटीने त्यांची कला निषिद्ध ठरवली होती. चित्रांची ही खाण वाचताना त्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.) सगळ्या इच्छा संपल्यावर प्रेम करता यावे एवढी एकच उरते, आणि ती त्याला वडिलांपर्यंत नेते.

१९९० साली निघालेल्या दुसऱ्या भागात आठवणी गमावण्याचा धागा घेतला गेला. पण तेथे आठवणी जातात त्या दुष्ट झायिदेच्या यंत्रामुळे. यंत्र नसते तर इच्छा फुकटच होत्या! वाईटाला एका खलनायिकेचा पत्ता मिळाला की बास्तियानला स्वतःकडे पाहण्याची गरज उरत नाही. वगळण्यापेक्षा हा समावेश मला अधिक नुकसानकारक वाटतो.

पहिल्या भागाचा निवेदक अखेरीस सांगतो की बास्तियानने आणखी पुष्कळ इच्छा केल्या, पण ती निराळी गोष्ट आहे. हे वाक्य कादंबरीतलेच आहे. तेथे ते पालुपदासारखे पुन्हापुन्हा येते आणि आडवाटेवरच्या एखाद्या पात्राला त्याच्या स्वतःच्या आयुष्यात मोकळे सोडते. चित्रपटाने त्याच वाक्याने मुख्य कथेलाच निरोप दिला.

कादंबरीच्या शेवटी बास्तियान वडिलांना सारे सांगतो आणि मग एकटाच कोरिआंडरच्या दुकानात जातो. चोरलेले पुस्तक आता त्याच्याजवळ नाही; माळ्यावर ते सापडले नाही. आपल्याकडे असे पुस्तक नव्हतेच, असे कोरिआंडर म्हणतो. तक्रार नाही, पुरावा नाही, शिक्षाही होणार नाही; तरीही मुलगा चोरी कबूल करतो. दोन तास हाती असते तरी पेटरसनना हा प्रसंग चित्रित करता आला नसता. त्यांच्या बास्तियानने पहिल्याच दिवशी चिठ्ठी ठेवली होती.