साच्यातलं अरबी पान

प्रबंधाच्या साच्याला नाकं मुरडायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. समास किती सोडायचा, आकृतीचा मथळा वर की खाली, संदर्भ कोणत्या क्रमाने, यासाठी संशोधकाने रात्री जागवाव्यात असं त्यात काही नाही. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक’ हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर आणलं, त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘लाटेक’ उभारलं आणि ही कटकट यंत्राच्या गळ्यात पडली. बरंच झालं.

अडचण दुसरीकडे आहे. साचा पान आखून देतो, तसा विचारही आखून देतो. प्रस्तावना, पूर्वसंशोधन, पद्धती, निष्कर्ष अशी घरं तयारच असतात, आणि रिकामं घर कुणाला बघवत नाही. मग सांगण्यासारखं नसलं तरी पानं भरतात. नोबेलविजेते जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात विचारलं होतं, वैज्ञानिक शोधनिबंध ही फसवणूक तर नव्हे? संशोधन प्रत्यक्षात कसं अडखळत झालं ते ठरीव मांडणी झाकून टाकते, हा त्यांचा रोख होता.

या ठरीव मांडणीला अडवणारं एक पान मला दिसतं ते सौदी अरेबियात. तिथे धहरानला त्याच वर्षी, १९६३ मध्ये, पेट्रोलियम आणि खनिज महाविद्यालय स्थापन झालं. आजचं किंग फहद विद्यापीठ. तिथे शिकवणं इंग्रजीतून, प्रबंधही इंग्रजीत, पण सारांश दोन भाषांत: इंग्रजी आणि अरबी. अरबी न येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला हे दुसरं पान छळतं. वर्डमध्ये परिच्छेदाची दिशा बदलायची राहिली की पूर्णविराम ओळीच्या भलत्याच टोकाला जाऊन बसतो, कंस उलटे पडतात, मध्येच आलेलं इंग्रजी लघुरूप अख्खी ओळ विस्कटतं. (लाटेकवाल्यांनी हसू नये. दोन दिशांचा मजकूर एका ओळीत कसा बसवायचा, यावर खुद्द क्नूथ यांना पिएर मॅके यांच्यासोबत १९८७ मध्ये स्वतंत्र लेख लिहावा लागला होता.)

मला मात्र या पानाचं मोल वाटतं. ते नुसत्या साच्याच्या जोरावर भरता येत नाही. अरबी जाणणाऱ्या सहकाऱ्यापुढे बसून आधी साध्या शब्दांत सांगावं लागतं: समजा, गंजणाऱ्या पाइपवर अमुक लेप लावून पाहिला, एवढा फरक पडला. ‘सदर अभ्यासात सर्वंकष विश्लेषण करण्यात आले आहे’ असलं वाक्य त्याच्यापुढे टिकत नाही. तो विचारणारच, म्हणजे नेमकं केलंस काय? याला उत्तर नसेल तर सुबक छापलेली दोनशे पानं काय कामाची? अर्थात, आता यंत्राकडून भाषांतर करून घेऊन ही परीक्षा सहज चुकवता येते.

आपली विद्यापीठं समास मोजतात, ओळींमधलं अंतर मोजतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, हेही विद्यार्थ्यांना पाठ असतं. जिथे प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो आणि मराठी सारांश मागितला जात नाही, तिथे तो सक्तीचा करावा. आणि तोंडी परीक्षेची सुरुवात त्याच पानापासून करावी.