दारावरची वादावादी

२०१३ साली पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी सॅनिटरी नॅपकिन बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना पार्सलं पाठवली. आत वापरलेले नॅपकिन होते. मागचा हिशेब सरळ होता: माल तुम्ही विकता, नफा तुम्ही घेता आणि तो रोज हाताने निवडायचा मात्र आम्ही, तर एकदा तुम्हीही उघडून बघा. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, केंद्राचे नवे घनकचरा नियम आले. नॅपकिनबरोबर ते गुंडाळून टाकण्यासाठी पाकीट देण्याची जबाबदारी त्यात उत्पादकांवर टाकलेली होती. नियम कितपत पाळला जातो हे कुठल्याही सोसायटीच्या डब्यात डोकावलं की कळतं. म्हणून २०१७ मध्ये याच बायकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने घरांना साधी विनंती केली: नॅपकिन, डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. म्हणजे तो पुडा कुणी उघडणार नाही.

पर्यावरणावरचे परिसंवाद मी बरेच ऐकले. त्यांतून एका लाल ठिपक्याइतकं नेमकं काही निघालेलं मला आठवत नाही.

याचं कारण बोलणाऱ्यांच्या हुशारीत नाही. ‘झिरो वेस्ट’वर आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक कचरा करणाऱ्यांचीच आपापसातली असते. सोसायटीची सभा घ्या. कंपोस्टचा खड्डा कुणाच्या खिडकीखाली नको यावर तासभर जातो. मग यंत्र घ्यायचं ठरतं, यंत्राचा खर्च ऐकून ते पुढच्या वर्षावर जातं. पुण्यात गांडूळखत करणाऱ्या सोसायट्यांना मिळकतकरात सवलत मिळते. सवलत चालू आणि खड्डा बंद, अशा सोसायट्या शोधायला लांब जावं लागत नाही. खड्डा बंद पडतो तोही तंत्र अवघड म्हणून नव्हे. ओल्या कचऱ्यावर वाळका पाला, भुसा किंवा नारळाच्या शेंड्या घालायच्या, अधूनमधून खालीवर करायचं, पाणी साचू द्यायचं नाही. एवढं रोज करायला कुणी नसलं की चौथ्या दिवशी वास येतो आणि आठवड्यात तक्रार.

कचरा निवडणाऱ्यांचं बोलणं वेगळं पडतं, कारण त्यांना कचऱ्याचा भाव माहीत असतो. पुठ्ठा, रद्दी, पत्रा, काच, दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, कडक प्लास्टिक: प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं, दर वेगळा. बाटलीचं झाकण बाटलीहून निराळ्या प्लास्टिकचं असतं, म्हणून ते काढून वेगळं टाकायचं. पिशवी चुरगाळल्यावर कसा आवाज येतो त्यावरून ती कुठल्या ढिगात जाणार हे ठरतं. उलट वेफर्सचं चकचकीत पाकीट कुणी घेत नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सोडवणं कुणाला परवडत नाही. थर्माकोलची ताटली पोतं भरते आणि काट्यावर काहीच दाखवत नाही. पाकिटावर पुनर्चक्रीकरणाचं बाणांचं चिन्ह असलं, तरी भंगारवाला ते वाचून पैसे देत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे ५० पैसे परत द्यायची योजना होती. विचार अगदी बरोबर होता, कारण तो भावाच्या भाषेतला होता. पण पिशवी परत घेणार कोण, कुठे, कुणाच्या पैशांनी, हे ठरलंच नाही आणि योजना कागदावर राहिली.

पुण्यात हे ज्ञान असलेली माणसं संघटित झाली ती १९९३ मध्ये. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने शिकवायला कचरावेचकांच्या वस्तीत गेल्या होत्या. बायकांना अक्षरांपेक्षा चांगला, न बरबटलेला माल हवा होता. कुंडीत खरकट्याने भिजलेला पुठ्ठा आणि दारातून उचललेला कोरडा पुठ्ठा यांत एका दिवसाच्या मजुरीचा फरक पडतो. डॉ. बाबा आढाव पाठीशी होते; ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. २००८ मध्ये तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार करून घराघरातून कचरा उचलू लागली. घरटी महिन्याचं ठरलेलं शुल्क थेट त्या बाईच्या हातात.

या शेवटच्या गोष्टीकडे मला लक्ष वेधायचं आहे. पैसे समोरच्या माणसाला द्यायचे असले की बोलणं टळत नाही. “वहिनी, आज परत डायपर सुक्यात आलाय.” “अहो मावशी, नवीन बाई लागलीये कामाला, सांगते तिला.” दोन दिवस नीट जातं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा बोलणं. मावशी एक दिवस डबा तसाच दारात ठेवून जाते. वहिनी चिडतात, पण दुसऱ्या दिवशी डायपर वेगळा निघतो. ओला-सुका वेगळा करण्याची सवय पुण्यात जिथे लागली तिथे ती बहुतांशी अशी लागली; भिंतीवरच्या चित्रांनी नाही. कंटेनरला जाब विचारता येत नाही. घंटागाडीचं गाणं सगळ्या गल्लीला सारखंच ऐकू येतं.

वाद दारात झाला नाही तर तो गावाच्या वेशीवर होतो. सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला: विहिरींचं नासलेलं पाणी, माशा, धूर. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या कचरा डेपोला आग लागल्यावर त्यांनी सुमारे तीन आठवडे गाड्या अडवल्या. शहरात कुंड्या ओसंडून वाहू लागल्या, तेव्हा कुठे ज्यांना डेपोचं नावही माहीत नव्हतं त्यांना ते कळलं. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या गावाला वेशीवरचा हा वाद टाळायचं आधी सुचलं; तिथे नगरपालिकेने कचरा बारीक वर्गवारीने घेतला आणि डेपोची जागा लोकांनी येऊन बघावी अशी केली. गाव लहान होतं हे खरं. पण लहान गावातही हे आपोआप होत नाही.

मोठ्या शहरांना मात्र माणसाऐवजी ठेका सोयीचा वाटतो. २०२० च्या अखेरीस ‘स्वच्छ’चा करार संपला, तेव्हा त्यांना बराच काळ तुटपुंज्या मुदतवाढींवर ठेवण्यात आलं; खासगी ठेकेदार आणावा हा आग्रह महापालिकेच्या सभागृहातूनच होता. ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात. ज्याला वजनावर पैसे मिळतात त्याने घरात कचरा कमी व्हावा म्हणून का झटावं? तो कुणाच्या दारात डबा ठेवून जाणार नाही, सगळं एकत्र उचलेल आणि गाडी भरून नेईल. रहिवाशांनाही ते आवडेल, कारण रोजची कटकट थांबेल. माझा या प्रकाराला विरोध आहे तो नेमका ही कटकट थांबते म्हणून.