वाघाटीचा हक्क

अहिंसेचा विचार आपण बहुधा अशा प्राण्यांच्या निमित्ताने करतो, की ज्यांच्या डोळ्यांत आपल्याला आपल्याच दुःखाची ओळख पटते. गाय, हरिण, पंख मोडून पडलेले पाखरू यांच्याविषयी करुणा उत्पन्न व्हायला फारसे तत्त्वज्ञान लागत नाही. परंतु जी कधी हाक मारीत नाही, जिच्याजवळून जाणाऱ्याचे धोतर फाटते आणि पोटरीतून रक्त निघते, अशा एखाद्या काटेरी वेलीच्या जगण्याला काही अधिकार आहे की नाही, हा प्रश्न धर्मबुद्धीची खरी परीक्षा पाहतो. माझ्या अंगणाच्या बांधावर माजलेल्या वाघाटीने तो माझ्यापुढे आणला, आणि तो शब्दांत मांडला कोयता घेऊन आलेल्या गड्याने. त्याने एवढेच विचारले, "मुळासकट काढायची, का नुसती छाटायची?"

वाघाटी ही आपल्याच मातीची वेल. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर, देशावरील शेतांच्या बांधांवर, विदर्भातील झुडपी रानांत ती कोणी न लावता वाढते. प्रत्येक पानाच्या देठाशी तिला दोन काटे असतात, आणि ते मागे वळलेले असल्यामुळे आत घातलेला हात सहज पुढे जातो, पण परत घेताना अडकतो. हे काटे गुरांना दूर ठेवतात हे खरे. परंतु स्वतःच्या बळावर उभे राहण्याइतके खोड नसलेली ही वेल त्याच काट्यांनी शेजारच्या बोरी-बाभळींना धरून उजेडाकडे चढते, हे ज्याने एकदा नीट पाहिले, त्याला तिच्या काट्यात आपल्याविषयीचे वैर दिसणे शक्य नाही. हिवाळा सरता सरता तिला फुले येतात. उमलताना पांढरी, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबी-जांभळट होणारी, लांब लांब केसरांची. पांढऱ्या पंखांच्या टोकांना नारिंगी रंग असलेले एक मोठे फुलपाखरू वाघाटी, वायवर्ण अशा एकाच कुळातील वनस्पतींवर अंडी घालते, आणि त्याची हिरवी अळी डिवचली असता शरीराचा पुढचा भाग फुगवून हरणटोळ सापाच्या डोक्याचा आभास उत्पन्न करते. अंगणाच्या एका कोपऱ्यात हा एवढा व्यवहार, घरातील कोणाचीही परवानगी न घेता, अखंड चाललेला असतो.

आणि परवानगी का घ्यावी? अंगण माझ्या मालकीचे आहे याला दस्तऐवजाचा आधार आहे. खरेदीखत आहे, मोजणीचा नकाशा आहे, चतुःसीमा लिहिलेल्या आहेत. पण हे सर्व कागद माणसामाणसांतील तंटे मिटविण्याकरिता निर्माण झाले आहेत. माझ्या शेजाऱ्याने हद्द ओलांडू नये, एवढ्यापुरता त्यांचा अंमल चालतो. त्या हद्दीच्या आत जे आपल्या मुळांनी उभे आहे, त्याच्या प्राणावर मला कोणी सनद दिली, असे त्यांतील एकाही कलमावरून निघत नाही. उलट, दीर्घकाळच्या वहिवाटीने हक्क उत्पन्न होतो हे तत्त्व आपण माणसांपुरते मान्य करतो, तर ज्या बांधावर ही वेल घराचा पाया खणण्यापूर्वीपासून होती, त्या बांधावरून तिला बेदखल करणाऱ्याने निदान आपली कैफियत तरी मांडली पाहिजे.

आपल्या शास्त्रकारांना ही अडचण ठाऊक होती. वनस्पतींना अंतःसंज्ञा असून त्या सुखदुःखाने युक्त आहेत, असे मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. आणि अकराव्या अध्यायात फळझाडे, झुडपे, वेली तोडणाऱ्याला शंभर ऋचांच्या जपाचे प्रायश्चित्त आहे. जैन आचार्यांनी वनस्पतींना एकेंद्रिय जीवांत गणले. बौद्ध विनयाने भिक्षूला रोपटे तोडण्याचीही मनाई केली. १९०१ साली जगदीशचंद्र बसूंनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वनस्पतींच्या प्रतिसादांचे प्रयोग दाखविले, तेव्हा आपल्याकडे अनेकांना प्राचीन वचनांना दाखला मिळाल्याचा आनंद झाला. मला मात्र वाटते, की वेलीला वेदना होते की नाही याच्या निवाड्यावर हा प्रश्न टांगून ठेवण्याचे कारण नाही. जी वस्तू आपणहून वाढते, जखम भरून काढते, उजेड शोधते आणि आपल्यासारखे दुसरे निर्माण करते, ती स्वतःकरिता अस्तित्वात आहे. मग ती कळवळत असो वा नसो.

या बाबतीत सर्वांत निर्भय विवेचन मला ज्ञानेश्वरांचे वाटते. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसेचा प्रसंग आला, तेव्हा ते आधी यज्ञातील हिंसेलाच अहिंसा ठरविणाऱ्या मतांचा समाचार घेतात, आणि म्हणतात की हे झाडाच्याच फांद्या तोडून त्या झाडाला कुंपण घालण्यासारखे आहे. तेथेच ते थांबत नाहीत. लोकोपकाराचे साधन जे आयुर्वेद, त्याकडे वळून ते विचारतात, की एका जीवाच्या रक्षणासाठी कोणाची मुळे उपटायची, कोणाची साल सोलायची, कोणाचा गाभा शिजवायचा, ही अहिंसा कोणत्या जातीची? औषध करू नये असा त्यांचा हुकूम नाही. आपल्या गरजेला धर्माचे नाव देऊन मोकळे होणारे मन त्यांना तपासायचे आहे. त्याच ठिकाणी अहिंसकाच्या चालण्याचे वर्णन करताना, लाट मोडू नये म्हणून पाण्यात जपून पाऊल टाकणारा बगळा त्यांना आठवतो. ज्याच्या दृष्टीला पाण्याचा तरंगही दुखावण्याजोगा दिसला, त्याला वाघाटी क्षुद्र वाटली नसती.

यावर व्यवहारी माणूस विचारील, की मग जगावे कसे? महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच सांगतो, की नांगर चालविणारा भूमीतील असंख्य जीव मारतो, धान्याचा दाणाही जीवच आहे, आणि चालताना पायाखाली किती मरतात याची गणती नाही. पूर्ण अहिंसक असा कोणी नाही, यतीसुद्धा नाही, फक्त प्रयत्नाने हिंसा कमी करता येते. या उत्तरातील शेवटचा भाग पुष्कळ लोक सोडून देतात आणि पहिल्याचा परवाना करून घेतात. "हिंसा अटळ आहे" हे वाक्य कोयता उचलण्यापूर्वी म्हटले तर ते सबब असते.

आषाढी द्वादशीला अनेक घरांत वाघाट्याची भाजी करून एकादशीचा उपवास सोडतात; त्या दिवशी हे कडवट फळ, ज्याला गोविंदफळही म्हणतात, मंडईत शोधत हिंडणारे लोक मी पाहिले आहेत. एरवी कुंपणात नकोशी झालेली वेल त्या सकाळी गोविंदफळाची माता ठरते. म्हणून तिला ठेवावे, असे मला सुचविण्यात आले. ही तजवीज मला पसंत नाही. तिचा जगण्याचा हक्क आमच्या पानात पडणाऱ्या भाजीवर अवलंबून ठेवला, तर ज्या वर्षी बाजारात भाजी मुबलक येईल त्या वर्षी तो हक्क रद्द करायला आम्ही मोकळे होऊ. द्वादशीच्या त्या चालीत मात्र एक गोष्ट मोलाची आहे: वर्षातून एकदा तरी, जिभेला न रुचणाऱ्या आणि हाताला टोचणाऱ्या वनस्पतीला देवाच्या नैवेद्यात जागा मिळते.

गड्याला मी सांगितले, की मूळ राहू दे. विहिरीच्या वाटेवर आलेले, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लोंबणारे फाटे तेवढे तोडायचे. बाभळीवर चढलेला भाग तसाच ठेवायचा. आणि फुले येऊन फळ धरेपर्यंत कोयता लावायचा नाही. वेल पुन्हा फुटते, दरवर्षी वाटेवर येते, आणि दरवर्षी हे काम करावे लागते. तोडलेले फाटे आम्ही गावातल्या शेळ्यांपासून राखण्याकरिता आंब्याच्या कोवळ्या रोपाभोवती रोवतो. ज्ञानेश्वरांनी सांगितलेले कुंपण ते हेच आहे. आंब्याच्या रक्षणाकरिता वाघाटीचे अंग मी तोडले आहे, आणि ते रोप उद्या मोहरले तरी या कृत्याला मी अहिंसा म्हणणार नाही.