वर्गमित्रांचा मेळावा आणि दोन मित्रांचा शब्द



जर्मनीत शाळांना उन्हाळी सुट्ट्या लागल्या की आपल्यापैकी बरेच जण गावी जातात. हल्ली तेथे दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा ठरलेलाच असतो. तीस-पस्तीस वर्षांनी भेटलेले मित्र सरांच्या छड्या आठवून हसतात आणि म्हणतात, "काय दिवस होते ते!" पण ते दिवस सर्वांना सारखेच होते का? कोणाला पाण्याच्या माठाला हात लावू देत नसत, कोणाची शाळा सातवीतच सुटली. तो मित्र मेळाव्याच्या फोटोत नसतो.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी तोंडावर गोड बोलणाऱ्याला खोटा मित्र म्हटले आहे. सुखदुःखात सारखा राहणारा आणि हिताचे सांगणारा तो खरा मित्र. म्हणून माठाची आठवण मेळाव्यातही सांगावी. मनात द्वेष नसावा, पण सत्य झाकूही नये.

उपतिस्स आणि कोलित हे तरुणपणापासूनचे मित्र. राजगृहाची जत्रा पाहताना दोघांचेही मन विटले. त्यांनी एकमेकांना शब्द दिला: ज्याला आधी अमृत सापडेल, त्याने दुसऱ्याला सांगायचे. उपतिस्साला अस्सजी भिक्खूंकडून धम्म कळला आणि तो आधी कोलिताकडे गेला. हेच पुढे सारिपुत्त आणि मोग्गल्लान झाले.

बाबासाहेबांनीही हेच केले. कोलंबिया आणि लंडन येथे ते शिकले, 1921 मध्ये बॉन विद्यापीठात त्यांनी नाव नोंदवले. मिळालेली विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू केले. शिकलेली माणसे समाजाला विसरली, याचे दुःख त्यांनी 1956 मध्ये आग्र्याच्या सभेत बोलून दाखवले.

आपण आधी पोचलो, म्हणून सांगण्याची पाळी आपली. यंदा मेळाव्याला गेलात तर फोटोत नसलेल्या मित्राचा पत्ता विचारा, त्याच्या घरी जा. त्याची मुलगी शिकत असेल तर तिला सांगा की जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. व्हिसासाठी खात्यात बरीच रक्कम दाखवावी लागते, हेही लपवू नका. अर्ज भरताना तिच्याजवळ बसा.

तारुण्य परत येत नाही. पण तेव्हा अर्धवट राहिलेली मैत्री आजही पूर्ण करता येते.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!